अडकलेला खटका

लेहबीबला त्या दिवशी एकच काम होतं. सूर्य बुडायच्या आत गालियाच्या तंबूपर्यंत जायचं आणि चार शब्द बोलायचे: तुला मी परत घेतलं. बस्स. वाळवंटातल्या औसर्दच्या निर्वासित छावणीतले यच्चयावत रेडिओ, पंखे, गिटारी, अ‍ॅम्प्लिफायर हा माणूस दुरुस्त करायचा, आणि स्वतःचे हे चार शब्द मात्र तीन महिने त्याच्या घशात अडकून बसले होते. आता बोला!

तीन महिन्यांपूर्वी त्याने गालियाला सोडलं, ते एका बॅटरीपायी. शेजारच्या वस्तीत लग्न होतं, अ‍ॅम्प्लिफायरला वीज कमी पडली, आणि या शहाण्याने बायकोला न विचारता तंबूतली बॅटरी उचलून नेली. तंबूत गालियाची आजारी आई अंधारात पडून राहिली. दुसऱ्या दिवशी गालियाने त्याला चार लोकांदेखत फाडून खाल्लं. "तंबू माझा, बॅटरी माझी, आई माझी. तू कोण रे लागून गेलास?" म्हणाली. त्यात खोटं काहीच नव्हतं. आमच्याकडे तंबू बाईचाच असतो. पण चारचौघांत खरं ऐकून घ्यायला छातीत दम लागतो, तो लेहबीबकडे नव्हता. तो म्हणाला, "मग जा, सोडलं तुला." आणि हत्यारांची पेटी आणि एक घोंगडी घेऊन दवाखान्यामागच्या आपल्या मातीच्या खोलीत राहायला आला.

एकदाच म्हणाला होता, तीनदा नव्हे. म्हणजे इद्दतीचे, सोडलेल्या बाईने थांबायचे, तीन महिने सरेपर्यंत दार उघडं होतं. नवऱ्याने नुसतं तोंडाने म्हणायचं, की बायको पुन्हा बायको. नवा निकाह नको, नवा मेहर नको, कुणाला विचारायलाही नको. ती मुदत बायकांच्या हिशेबाने आज मावळतीला संपत होती. आणि मावळतीनंतर गालियाच्या तंबूत मेजवानी होती. इद्दतीतून मोकळी झालेली बाई आमच्याकडे तोंड लपवून बसत नाही. मेंदी काढते, नवी कोरी मेलहफा अंगाभोवती लपेटते, मैत्रिणी ढोल वाजवतात, गाणी म्हणतात, आणि तिच्याशी लग्न करायची ज्यांची इच्छा असेल ते पुरुष खुशाल येऊन बसतात. आज शाळेतला महफूद मास्तर येणार, हे शेळ्यांनासुद्धा माहीत होतं.

लेहबीबला ती हवी होती का? अहो, हवी म्हणजे काय! डाळ शिजवायची तर एका माणसाला किती घालायची हे त्याला अजून उमगलं नव्हतं, रोज उरायची. काही गंमत ऐकली की सांगायला तोंड वळवायचा, तर समोर भिंत. फार एकटं वाटायचं त्याला, अगदी रडू यावं इतकं. पण रोज ठरवायचा, आज तिचा निरोप येईल. तिने एक शब्द पाठवू दे, मी अनवाणी धावत जाईन. आणि ती कसा पाठवणार निरोप? परत घेण्याचा शब्द पुरुषाने उच्चारायचा. 'मला घे' असं बाईने सांगून पाठवायचं म्हणजे तिच्या सगळ्या घराण्याची मान खाली. हे काय लेहबीबला ठाऊक नव्हतं? चांगलं ठाऊक होतं. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही, त्यातली गत.

दुपारच्या जेवणानंतर बाहेर लँडरोव्हर येऊन थांबली. आत आला तो सलेक, गालियाचा चुलतभाऊ. गिटार वाजवण्यात त्याचा हात धरणारा छावणीत कुणी नव्हता, आणि लेहबीबचा तो लहानपणापासूनचा मित्र. तीन महिने मात्र तो या बाजूला फिरकला नव्हता. खांद्यावर चादरीत गुंडाळलेली गिटार होती.

"सलाम आलेकुम. कसा आहेस?"

"हमदुलिल्ला. तू कसा?"

"बरा. तब्येत बरी? झोप बरी? वाऱ्याने फार त्रास नाही ना दिला? घरची मंडळी..." सलेकने जीभ चावली. तोंडपाठ सलाम म्हणता म्हणता घात झाला होता. "शेळ्या बऱ्या आहेत?" त्याने घाईघाईने पुढचं विचारलं.

"मला शेळ्या नाहीत."

"तरी बऱ्या असोत," सलेक म्हणाला आणि खाली बसला.

लेहबीबला हसू आलं. तीन महिन्यांत पहिल्यांदा. त्याने शेगडीतले निखारे फुंकले, किटली चढवली आणि चादर सोडली. गिटार जुनी, मदतीच्या ट्रकमधून डाळीच्या पोत्यांबरोबर आलेली. ती त्याने निदान दहा वेळा उघडली असेल.

"काय दुखतंय हिचं?"

"खटका. मधेच अडकलाय. सकाळी गालियाच्या तंबूत सगळं मांडून, वाजवून बघितलं, ठणठणीत होती. जेवण झालं, चहा झाला, मी जरा आडवा झालो. उठून बघतो तर हलेना. जोर लावला तर अर्ध्यावर जातो आणि आवाज गुल."

गिटारला दोन कान असतात, असं लेहबीब नेहमी सांगायचा. तारांखाली बसवलेले दोन पिकअप. मानेजवळचा कान जाड, गोल आवाज ऐकतो, खालचा धारदार. कुठल्या कानाने ऐकायचं ते खटका ठरवतो. आमच्या गाण्यात बाई गाते तेव्हा गिटारने जाड आवाजात तिच्या मागून चालायचं, आणि ती थांबली की खटका खाली मारून धारदार आवाजात तिला उत्तर द्यायचं. खटका अडकलेल्या गिटारने मेजवानी होत नाही. ढोल आणि टाळ्यांवर निभवायचं म्हटलं तर लोक अर्ध्यातून उठून जातात.

"पलीकडच्या स्मारा छावणीतल्या माणसाकडे का नाही नेलीस? गाडी तर होती तुझ्याकडे."

"तिकडेच निघालो होतो. गालिया आडवी आली. म्हणाली, लेहबीबकडेच ने, दुसऱ्या कुणाचा हात लागता कामा नये." सलेकने छताकडे बघत पुढचं सांगितलं. "आणि म्हणाली, घाई करू नको म्हणावं. आणि तो स्वतः आणून द्यायला आला तरी चालेल."

लेहबीबच्या हातातला स्क्रूड्रायव्हर थांबला. त्याचं काळीज एकदम वर आलं होतं. पण दुसऱ्या क्षणी त्याच काळजात तिडीक उठली.

"मी स्वतः आणून देऊ? वा, वा! माझ्या बायकोला महफूद मास्तरने मागणी घालायची, आणि त्याच्या स्वागताला गिटार मी खांद्यावरून वाहून न्यायची? ढोल पण मीच बडवतो ना. मास्तरचे जोडे पण सांभाळतो दारात बसून."

"माझ्या बायकोला, म्हणालास."

"माजी. माजी बायको."

"अजून माजी नाही," सलेक खाली मान घालून म्हणाला. "सूर्य वर आहे."

"काय म्हणालास?"

"कुठे काय? उघड ना ती. उगाच बडबडतोयस."

यापुढे सलेक बोलणार नव्हता. नवराबायकोच्या मधे तोंड घालणारा आमच्याकडे दोन्ही घरी नकोसा होतो, आणि हा तर तिच्याकडचा.

खटक्याच्या दोन्ही अंगांचे स्क्रू काढून लेहबीबने लोखंडी पट्टी उचलली. पट्टीच्या मधोमध नखाएवढ्या रुंदीची चीर, तिच्यात खटक्याची दांडी पुढे-मागे सरकायची. खाली पितळेच्या बारीक जिभा. दरवेळी तिथे वाळू निघायची, वाऱ्यातून आलेली पिठासारखी वाळू. आज जिभांवर काहीतरी तपकिरी, चिकट साचलं होतं. बोट लावलं तर बोट चिकटलं. त्याने ते जिभेला लावून बघितलं. गोड. पुदिना.

"चहा पाजलात होय रे हिला?"

"गालियाच्या हातून सांडला," सलेक म्हणाला. "पेले भरत होती, गिटार शेजारीच होती. हात घसरला म्हणे."

"गालियाच्या हातून?"

 अकरा वर्षं लेहबीबने त्या हातचा चहा प्यायला होता. हातभर उंचीवरून, सुतासारखी धार, अंगठ्याएवढ्या पेल्यात, आणि चटईवर एक थेंब नाही. वाळूचं वादळ तंबू हलवत असतानासुद्धा नाही. तिची बहीण वारली त्या दिवशी आलेल्या माणसांना चहा तिनेच दिला होता. तेव्हाही नाही.

आणि आज हात घसरला!

इथे या माणसाने विचार केला, आणि काय विचार केला ते ऐका. त्याला वाटलं, आनंदाने हात कापत असणार तिचा. मास्तर येणार म्हणून. माझ्यापासून सुटणार म्हणून. माझ्यासाठी कधी कापला नाही तो हात. म्हणून तो घुमेपणाने कामाला लागला. आणि राग आला की त्याचं काम दुपटीने चांगलं व्हायचं, हा त्याचा जुना दुर्गुण.

दवाखान्यातल्या नर्सने दिलेलं स्पिरिट होतं. मलमलच्या चिंधीची पट्टी भिजवून त्याने एकेक जीभ पुसली. साखर सुटेना, तेव्हा काडीपेटीची काडी चपटी करून ती कोपऱ्यांतून फिरवली. जिथे जीभ जिभेला टेकते तिथे जाड कागद घालून हळूच ओढला, काळा डाग पडला, पुन्हा ओढला, डाग फिका पडला. एक जीभ वाकून मागे पडली होती, ती चिमट्याने केसभर पुढे आणली. एका तारेचा डाख सुटायला आला होता. चहाच्या निखाऱ्यात सळई लाल करून त्याने तो नव्याने लावला. सलेक चहा ओतत होता. पहिला पेला झाला, दुसरा झाला.

"जमतंय ते चालेल रे," सलेक म्हणाला. "एक रात्र निभावली की पुरे."

"माझ्या हातचं काम एका रात्रीपुरतं नसतं."

"तसं नव्हे. घाई नाही, म्हणत होतो. ऊन उतरल्यावर सावकाश, आपण दोघंच चालत..."

"तू गाडी घेऊन आलायस ना? मग चालत कशाला?"

सलेक निखारे फुंकायला लागला. बिचारा यापेक्षा जास्त काय करणार होता!

लेहबीबने पट्टी बसवली, स्क्रू आवळले, आणि सवयीप्रमाणे गिटारचं सगळं अंग फडक्याने पुसून काढलं. मग छोट्या अ‍ॅम्प्लिफायरला तार जोडली. खटका वर. जाड आवाज खोलीभर पसरला. मधे. दोन्ही कान एकदम. खाली. असा धारदार स्वर निघाला की सलेकने आपोआप मान डोलावली. वर, खाली, वर, खाली, खटका लोण्यातून फिरल्यासारखा फिरत होता. कुठे खरखर नाही, कुठे अडकणं नाही.

"घे. सांग तिला, लेहबीबने पाठवलीय. आणि जोरात वाजव, इथपर्यंत ऐकू येऊ दे."

"तू येत नाहीस?"

"स्वतःच्या मयताला कुणी जातं का?"

"तिसरा पेला राहिलाय अजून."

"तिसरा तिकडे पी. मास्तरबरोबर."

तिसरा पेला न पिता उठणं म्हणजे भांडण, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही कळतं. सलेक उठला. दारात क्षणभर घुटमळला आणि गाडीत जाऊन बसला. लँडरोव्हरची धूळ खाली बसली तेव्हा सूर्य दवाखान्याच्या छपरावर दोन हात होता.

मग लेहबीब एकटाच हत्यारं आवरत बसला. चिमटा पेटीत, सळई राखेत. स्पिरिटच्या चिंध्या तपकिरी झाल्या होत्या, त्या त्याने बाहेर टाकल्या. शेवटी गिटारचं अंग पुसलेलं फडकं झटकायला उचललं, आणि ते हातात तसंच राहिलं.

फडकं कोरडं होतं. थोडी वाळू, बाकी काही नाही.

सांडलेला चहा तो आयुष्यभर पुसत आला होता. आमच्या छावणीतल्या यंत्रांना वाळूनंतर दुसरा शत्रू चहाच. रेडिओवर सांडतो, टेपरेकॉर्डरवर सांडतो. सांडलेला चहा पसरतो, ओघळतो, लाकडावर डाग पाडतो, तारांना चिकटतो, पिकअपच्या फटीत शिरतो. या गिटारच्या लाकडावर डाग नव्हता. तारा स्वच्छ होत्या. लोखंडी पट्टीच्या वरच्या अंगाला ओलसुद्धा नव्हती. सगळा चहा आत होता, नखाएवढ्या चिरेच्या आत, आणि बाहेर एक थेंब नव्हता.

हात घसरला की असं होत नाही. असं ओतावं लागतं. आणि असं ओतणारा हात सबंध वाळवंटात एकच होता.

"या अल्ला," लेहबीब मोठ्याने म्हणाला. "मी गाढव आहे."

निरोप आला होता. तीन महिने ज्याची वाट बघितली तो निरोप चादरीत गुंडाळून, गाडीत घालून, थेट त्याच्या मांडीवर आणून ठेवला होता तिने. लेहबीबकडेच ने. घाई करू नको म्हणावं. स्वतः आला तरी चालेल. आणखी किती सांगायचं बाईने? आणि त्याने काय केलं? तो निरोप स्पिरिटने धुऊन काढला, पुसून लख्ख केला, आणि परत पाठवून दिला.

तो धावत सुटला. जोडे खोलीतच राहिले, पेटी उघडी राहिली. गालियाचा तंबू छावणीच्या दुसऱ्या टोकाला, चालत अर्धा तास. वाळूत धावणं म्हणजे काय ते धावलेल्यालाच कळेल, पाय निम्मा पुढे आणि निम्मा मागे. पाण्याच्या टाकीपाशी एका बाईने विचारलं, "लेहबीब, कुठे आग लागली?"  डाव्या हाताला सूर्य मोठा आणि लाल होऊन खाली चालला होता, आणि लेहबीब धावता धावता त्याच्याकडे बघत होता, दोनदा पडला तो त्यामुळेच. पत्र्याचे गोठे आले. तेवढ्यात गिटार ऐकू आली. सलेक वाजवून बघत होता. वर. मधे. खाली. तिन्ही आवाज वाऱ्यावरून स्वच्छ आले, एकही अडखळला नाही. आयुष्यात पहिल्यांदा लेहबीबने स्वतःच्या कामाला शिवी दिली. निदान थोडं तरी वाईट करायचं होतंस, मेल्या. एक स्क्रू तरी ढिला ठेवायचास.

गोठे संपायच्या आधी सूर्याची वरची कड वाळूत गेली. मशिदीच्या कर्ण्यावरून अजान सुरू झाली. तो धावत राहिला. अजान संपली तरी धावत राहिला, कारण थांबून तरी काय करणार होता?

तंबूबाहेर बायका शेकोटीवर ढोलाचं कातडं तापवत होत्या. पलीकडे पुरुषांनी काढून ठेवलेल्या जोड्यांची रांग लागली होती. गालिया दोरीपाशी एकटी उभी होती. निळी मेलहफा, हातांना मेंदी. या बाजूची कनात पार वर गुंडाळलेली होती आणि चटईवर वाळू साचली होती.

"आलास," ती म्हणाली.

लेहबीबला दम लागला होता. चारही शब्द तोंडात तयार होते, ओळीने. पण ते आता कुठल्याही परक्या माणसाचे शब्द होते, त्यांना तिच्यावर काही हक्क उरला नव्हता.

"तू सांडला नाहीस," तो कसाबसा म्हणाला. "ओतलास."

"हो."

"मला आत्ता कळलं. आत्ता, धावत आलो बघ. गालिया, मला वाटलं..."

"काय वाटलं असेल ते मला माहीत आहे. अकरा वर्षं काढलीत मी." तिचा आवाज चढलेला नव्हता. ती ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. "दुपारपासून कनात वर करून बसले होते. आई म्हणाली, पोरी, वाळू येतेय. म्हटलं, येऊ दे. मग सलेकची गाडी दिसली. म्हटलं, दोघं असतील गाडीत."

"आणि?"

"आणि गिटार होती. पुसलेली."

आत कुणीतरी हसलं. महफूद मास्तरचा आवाज असावा. लेहबीबने तंबूची दोरी धरली.

"आता मागणी घातली तर?"

"आत पाच जण बसलेत त्यासाठी. सहावा तू बस." तिने मेलहफाचं टोक डोक्यावर सारखं केलं. "काकाला विचारावं लागेल. मेहर ठरवावा लागेल. आणि मला हो म्हणावं लागेल, लेहबीब. दुपारी यातलं काहीच लागत नव्हतं."

त्याला खूप बोलायचं होतं. डाळ रोज उरते ते सांगायचं होतं, बॅटरीबद्दल माफी मागायची होती, ती अजून मागितलीच नव्हती. भिंतीशी बोलतो ते सांगायचं होतं. आतून सलेकने पहिल्या गाण्याचा जाड स्वर धरला, बायकांनी टाळ्या धरल्या, गालिया जायला वळली, आणि या करंट्याच्या तोंडातून एवढंच बाहेर पडलं:

"खटका नीट चालतोय ना?"

गालिया थांबली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, ते तिने पुसलं नाही.

"चालतोय," ती म्हणाली. "इतका चांगला आधी कधीच चालला नव्हता."

ती वाकून आत गेली. आत बायकांनी सरकून तिला मधोमध जागा करून दिली.